ठेका संथ केला म्हणून डॅन्झिगने पंक सोडलं?

निशाचर:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "मिसफिट्स 1983 ला फुटले तिथेच भुताखेतांचं पंक संपलं, पुढे डॅन्झिगने नुसतं संथ, फुगलेलं मेटल केलं." राहवलं नाही म्हणून लिहितोय. नवख्यांसाठी: ग्लेन डॅन्झिग हा मिसफिट्सचा गायक आणि गीतकार, नंतर त्याने आधी सॅमहेन आणि मग 'डॅन्झिग' हे बँड काढले. मिसफिट्सचा 1983 चा अल्बम 'अर्थ ए.डी.' ऐका. नऊ गाणी, पंधरा मिनिटांच्या आत खल्लास. अजून किती पळायचं? त्या वेगात चाली चेंगरल्या. आणि ज्याच्या गळ्यावर बँड उभा होता, तो नुसता भुंकत राहिला. सॅमहेनमध्ये त्या आवाजाला पुन्हा जागा मिळाली. 1986 च्या अल्बमवरचं 'टू वॉक द नाइट' ऐका, मग 1988 चा पहिला 'डॅन्झिग' लावा. एकच रस्ता आहे तो. अंगावर काटा यायचा तर दोन ठोक्यांमध्ये शांतता लागतेच.

ठोकताल:
काटा कुणाला हवा होता? मिसफिट्सच्या आधीच्या 'वॉक अमंग अस' अल्बममध्ये परग्रहवासी, झोंबी, कापलेली मुंडकी, आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचा "वो-ओ". जुन्या स्वस्त भयपटांची मजा होती ती. पुढे 'डॅन्झिग'चा निर्माता म्हणून रिक रुबिन आला, गिटार कोरडी ठणठणीत झाली, गायक उघड्या छातीने सैतानावर प्रवचन द्यायला लागला. मजा गेली ती गेलीच.

खर्जवाला:
ठोकताल, 1984 मध्ये पंकवालेच संथ होत होते. ब्लॅक फ्लॅग या पंक बँडच्या 'माय वॉर' अल्बमची दुसरी बाजू आठवा: तीनच गाणी, तिन्ही रखडत चालणारी. सेंट व्हायटस या डूम बँडचा पहिला अल्बम त्याच वर्षी, त्याच एसएसटी लेबलवर. डूम, म्हणजे संथ, जड मेटल, आणि पंक एका घरात नांदत होते. मी ड्रम वाजवतो. वेगात चूक झाकली जाते. संथ गाण्यात एक ठोका उशिरा पडला की अख्खा बँड वळून बघतो. 'डॅन्झिग'चा ड्रमर चक बिस्किट्स डी.ओ.ए. आणि ब्लॅक फ्लॅग या पंक बँडमधून आलेला, म्हणून तर डॅन्झिगच्या संथ गाण्यांत धमक आहे.

लालकवटी:
आणि नंतरच्या मिसफिट्सचा गायक मायकेल ग्रेव्ह्ज? त्याचं नाव कुणीच घेत नाही! 1995 मध्ये मिसफिट्सच्या नावावरून कोर्टाबाहेर तडजोड झाली, जेरी ओन्लीने बँड परत उभा केला, 1997 ला ग्रेव्ह्जच्या आवाजातला 'अमेरिकन सायको' आला. कव्हरवरची कवटी बघून मी ती सीडी उचलली आणि तिथून मागे जात जुने मिसफिट्स ऐकले. माझ्या वयाच्या कित्येकांना हे दार त्यानेच उघडून दिलं.

निशाचर:
विषय डॅन्झिगच्या आवाजाचा आहे. नाव विकत मिळालं म्हणून बँड होत नाही.

लालकवटी:
विकत? जेरी पहिल्या वर्षापासून बासवर होता! गाणी एकाने लिहिली म्हणून बाकीचे काय नोकर होते का?

निशाचर:
गाणी ज्याची, बँड त्याचा. ग्रेव्ह्जच्या अल्बममध्ये मेटलची गिटार आणि गोड कोरस आहेत, धोका कुठेच नाही.

ठोकताल:
म्हणजे मेटलची गिटार जेरीने घेतली की पाप, डॅन्झिगने घेतली की प्रगती? आधी हे ठरवा.

लालकवटी:
तेच म्हणतेय मी! उलट मजा ग्रेव्ह्जनेच परत आणली, ठोकताल, तुम्हाला हवी तीच.

ठोकताल:
मला तो नको. पण "वो-ओ" परत आलं, एवढं मान्य करावं लागेल.

खर्जवाला:
2016 मध्ये डॅन्झिग, जेरी आणि मिसफिट्सचा गिटारिस्ट डॉयल रायट फेस्ट या संगीत महोत्सवात एकत्र उभे राहिले, तेव्हा ड्रमवर स्लेयर या मेटल बँडचा माजी ड्रमर डेव्ह लोम्बार्डो होता. पंकची गाणी, मेटलचा हात. तुमच्या भिंती तिथेच पडल्या.

निशाचर:
आणि त्या दिवशी ग्रेव्ह्जचं एकही गाणं वाजलं नाही, लालकवटी.

लालकवटी:
डॅन्झिग माइकवर असताना वाजेल कसं? सॅमहेनचं तरी काय वाजलं? ते आधी सांगा.