आरबी ६७ ला इन्स्टॅक्स बॅक : फोकस पुढे येतोय, डाग पडतायत

कॅमेऱ्यांच्या चर्चेतला धागा. प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं ठिकाण आहे.

तलावपाळी (ठाणे)
नमस्कार मंडळी. कॅमेरा मामिया आरबी ६७ प्रो-एस (१२० ची रोल फिल्म घेणारा मिडियम फॉरमॅट), लेन्स १२७ मिमी एफ/३.८. मागे इन्स्टॅक्स स्क्वेअरची (फुजीची इन्स्टंट फिल्म) थ्रीडी प्रिंट केलेली बॅक, म्हणजे फिल्म धरणारा मागचा भाग, आहे. ती रिव्हॉल्व्हिंग (फिरणाऱ्या) अ‍ॅडॅप्टरवर बसते आणि रोलर हाताने फिरवायचे. एक अख्खं पॅक, म्हणजे दहा पानं, संपली. निकाल असे:

लेन्सपासून दीड मीटरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर ग्राउंड ग्लासवर (फोकस बघायच्या दुधी काचेवर) भिंग लावून फोकस केला. फोटोत चेहरा मऊ, पण लेन्सपासून बरोबर एक मीटरवर टेबलाच्या कडेला ठेवलेला कप एकदम शार्प. सहा पानांवर हेच.

प्रत्येक पानावर दोन फिकट डाग, एकाच उभ्या रेषेत, साधारण तीन सेंटिमीटर अंतराने.

दुपारी उपवन तलावावर एफ/२२ आणि १/४०० वर काढलेले चारही फोटो धुतल्यासारखे पांढरे. मीटरनुसार एक्सपोजर बरोबर होतं.

पॅक फिल्मची (टॅब ओढून काढायच्या जुन्या इन्स्टंट फिल्मची) मूळ पोलरॉइड बॅकही जवळ आहे. तिचा आता काही उपयोग आहे का?

सीवूड्स
कप आणि चेहऱ्याचं अंतर मोजून दिलंत, त्यामुळे तुमच्या बॅकची चूक मिलिमीटरमध्ये काढता येते.

लेन्स अनंताच्या (खूप दूरच्या फोकसच्या) जागेपासून किती पुढे सरकली आहे ते काढायचं सूत्र सोपं आहे : फोकल लांबीचा वर्ग भागिले (वस्तूचं लेन्सपासूनचं अंतर वजा फोकल लांबी). १२७ चा वर्ग १६,१२९. दीड मीटरसाठी १६,१२९ भागिले १,३७३, म्हणजे ११.७ मिमी. एक मीटरसाठी १६,१२९ भागिले ८७३, म्हणजे १८.५ मिमी. काचेवर तुम्ही ११.७ वर फोकस केलात, फिल्मला मात्र १८.५ चं चित्र मिळालं. फरक ६.८ मिमी. तुमच्या बॅकमध्ये इन्स्टॅक्सचं पान रोल फिल्मच्या जागेपेक्षा जवळजवळ सात मिमी मागे बसतंय. मिरर किंवा काच हलली असती तर १२० च्या रोलवरही हाच दोष दिसला असता.

व्हर्नियर कॅलिपरने खात्री करून घ्या. रिकाम्या कार्ट्रिजमध्ये जुनं डेव्हलप झालेलं एक पान परत घाला, कार्ट्रिज बॅकमध्ये बसवा आणि बॅकच्या बसण्याच्या कडेपासून पानापर्यंतची खोली मोजा. कॅलिपरची दांडी नुसती टेकवा. पानाखाली स्प्रिंग असते, जोर दिला की पान आत जातं आणि माप खोटं येतं. मग १२० च्या होल्डरची खोली त्याच कडेपासून मोजा. वजाबाकी सहा ते सात मिमीच्या मधे आली तर प्रश्न मिटला.

याचा पहिला परिणाम हा की अनंत गेला. बेलोज (लेन्स पुढेमागे करणारा घडीचा भाग) पूर्ण आत घेतलं तरी ६.८ मिमीच्या फरकाने लेन्सपासून सुमारे अडीच मीटरवर फोकस येणार, त्यापलीकडे काहीही नाही. म्हणजे ही बॅक आत्ता आहे तशी फक्त पोर्ट्रेट आणि जवळच्या वस्तूंसाठी.

त्या टप्प्यात मात्र ती अचूक वापरता येते. बेलोजच्या बाजूला जी धातूची पट्टी पुढे सरकते तिच्यावर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवा. काचेवर नेहमीसारखा फोकस करा, खूण वाचा, मग नॉब फिरवून बेलोज ६.८ मिमी मागे घ्या आणि लॉक करा. आता काचेवरचं चित्र धूसर दिसेल. दिसू दे, फिल्मवर ते शार्प आहे. पहिल्या चाचणीला टेबलावर टेप तिरकी पसरून तिच्या ५० च्या आकड्यावर फोकस करा. फोटोत ५० च्या ऐवजी कोणता आकडा शार्प आला ते बघून अर्धा-पाऊण मिमी सुधारा. यात दोन पानं जातात, जास्त नाही.

हॅसलब्लाड (दुसरा मिडियम फॉरमॅट कॅमेरा) वाल्यांसाठी एक सूचना, कारण अशाच बॅक त्यांनाही विकल्या जातात. ८० मिमी लेन्सवर नुसता एक मिमी फरक असला तरी लेन्सची अनंताची खूण साडेसहा मीटरवर येते. सात मिमी असेल तर एका मीटरवर. आरबीला निदान बेलोज तरी आहे.

पाचपाखाडी
डागांचं कारण रोलर. गोल रोलरवर एका जागी काही चिकटलं असेल तर दर फेऱ्याला एक ठसा उमटतो, आणि दोन ठशांमधलं अंतर म्हणजे रोलरचा परीघ. व्यास १० मिमी असेल तर ३१.४ मिमी. तुमचे डाग तीन सेंटिमीटरवर आहेत, आणि चित्र ६२ मिमी उंच असल्यामुळे त्यात दोनच मावतात. फिल्मचा दोष असता तर डाग असे मापात पडले नसते.

चिकटलेली वस्तू म्हणजे बहुतेक वेळा वाळलेलं रसायन. रोलर बॅकमधून काढता येत असतील तर काढा. लिंट न सोडणारं मऊ कापड साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि रोलर बोटाने फिरवत पूर्ण घेरा पुसा. नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका, ओरखडा पडला तर डाग कायमचा. पेस्ट अल्कधर्मी असते, हात धुवा. रोलरच्या दोन्ही टोकांच्या दातेरी चाकांतही बघा, तिथे अडकलेला कण रोलरला दर फेऱ्याला उचलतो.

हँडल फिरवतानाही काळजी घ्या. पानाची रुंद पांढरी पट्टी आधी बाहेर येते, कारण रसायनाची पिशवी तिच्यात असते. रोलरने ती फोडली की पेस्ट पानभर पसरत जाते, म्हणून मधे थांबलात तर तिथे आडवा पट्टा उमटणारच. एका दमात, एकाच वेगाने. दूरचे दोन कोपरे कोरे राहत असतील तर वेग किंवा रोलरचा दाब जुळत नाहीये.

आता पांढऱ्या फोटोंचं. दुपारच्या स्वच्छ उन्हात आयएसओ ८०० ला एफ/२२ आणि १/४०० हे गणित बरोबरच आहे. पण १/४०० हा आरबीच्या लेन्सचा सगळ्यात वरचा वेग, आणि जुन्या शटरमध्ये आधी तोच मंदावतो. रोलच्या निगेटिव्हवर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त प्रकाश खपून जातो. इन्स्टॅक्सवर नाही, ती स्लाइड फिल्मसारखी कडक आहे. उजळ भाग एकदा उडाला की कागदच दिसतो.

त्यामुळे वरचा वेग टाळा. ७७ मिमीचा एनडी ८ (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावा, तीन स्टॉप कमी होतात, आणि एफ/१६, १/१२५ वर या. त्या वेगाला शटर सहसा खरं असतं. मीटर उजळ भागावर धरा, सावल्या काळ्या गेल्या तर जाऊ द्या.

जवळच्या पोर्ट्रेटला बेलोजची भरपाई (लेन्स पुढे गेल्याने कमी होणाऱ्या प्रकाशाची) विसरू नका. मागे सरकलेल्या फिल्मचे सात मिमीही त्यात धरायचे, कारण प्रकाशाला ते अंतर कापावंच लागतं. दीड मीटरवर जेमतेम पाव स्टॉप लागतो, पण बेलोज पूर्ण बाहेर असेल तर ४६ मिमी अधिक ७ मिमी, म्हणजे पूर्ण एक स्टॉप.

बोरा बाजार
पॅक फिल्मबद्दल थोडक्यात. पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचं २००८ मध्ये जाहीर केलं, फुजीची एफपी-३०००बी २०१३ मध्ये गेली आणि एफपी-१००सी बंद होत असल्याचं २०१६ मध्ये कळलं. आता या दोन्ही कंपन्यांचं विकायला दिसतं ते सगळं मुदत संपलेलं. घ्यायचंच असेल तर फ्रिजमध्ये ठेवलेलं आहे का ते विचारा. उन्हाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या पॅकची पेस्ट सुकते आणि कोपरे कोरे येतात.

आधी छोटा टॅब, मग मोठा टॅब, दोन्ही सरळ रेषेत ओढायचे. तिरका ओढलात तर छोटा टॅब फाटतो आणि पुढचं पान अडकतं. एफपी-१००सी ला २५ अंशाला १२० सेकंद.

बॅक मात्र टाकू नका. तिची बसण्याची कड आणि लॅच धातूचे आहेत, इन्स्टॅक्ससाठी कवच नव्याने करायचं ठरलं तर माप घ्यायला यासारखा नमुना नाही.

तलावपाळी
कॅलिपरने ६.७ मिमी आलं. रोलर पुसले, डाग गेले. दोन प्रश्न उरलेत : अनंत परत मिळवता येईल का? आणि रोल फिल्मच्या आधी स्टुडिओत फ्लॅश तपासायला ही बॅक चालेल का?

सीवूड्स
अनंतासाठी पान ६.७ मिमी पुढे आणावं लागेल, आणि अ‍ॅडॅप्टरच्या वर तेवढी जागा नाही. पण रिव्हॉल्व्हिंग अ‍ॅडॅप्टर निघतो. तो काढून बॅक थेट बॉडीवर बसवणारी प्लेट केली तर अ‍ॅडॅप्टरच्या जाडीएवढी जागा मोकळी होते. फिरवण्याची सोय जाते, पण चौकोनी चित्राला ती लागते कुठे? वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियमची प्लेट मिलिंग करून देणारे आहेत. त्यांना चित्र नको, मिमीमधलं ड्रॉइंग द्या आणि फिल्मच्या अंतराला ०.१ मिमीची टॉलरन्स लिहा. प्रकाश अडवायला कडेला फोमऐवजी काळ्या लोकरीच्या दोऱ्याची खाच ठेवायला सांगा. फोम इथल्या दमटपणात काही वर्षांत चिकट होतो.

आरबीच्या बॉडीचं मागचं तोंड सात बाय सात सेंटिमीटर आहे, त्यामुळे ६२ बाय ६२ चं पान पूर्ण भरतं. हॅसलब्लाडवर चारही बाजूंना तीन मिमी काळी चौकट राहते.

पाचपाखाडी
फ्लॅशसाठी चालेल. रोल आयएसओ १०० आणि एफ/८ असेल तर इन्स्टॅक्सला तीन स्टॉप कमी हवेत : एफ/२२, किंवा एफ/८ तसाच ठेवून तोच एनडी ८. दुसरा मार्ग बरा, पुढेमागे किती भाग शार्प येतो ते रोलवर येणार तसंच दिसतं. लाइटची दिशा, चष्म्यातली चमक, मागच्या भिंतीवरची सावली यासाठी इन्स्टॅक्सवर विश्वास ठेवा. सावलीत किती तपशील उरतो हे मात्र तिच्यावरून ठरवू नका, रोलवर त्याहून जास्त दिसतो.

पावसाळ्यात फ्रिजमधलं पॅक न उघडता दोन-तीन तास बाहेर ठेवा. लगेच उघडलं तर पानांवर दव बसतं आणि ती एकमेकांना चिकटून रोलरमध्ये अडकतात. कार्ट्रिजचं काळं झाकण एकदा बाहेर पडलं की प्रकाश अडवायला फक्त तुमची डार्क स्लाइड (फिल्मपुढची सरकती पट्टी) असते, म्हणून ती शॉटच्या क्षणापुरतीच काढा. आरबीचा मिरर खाली असताना लेन्सचं शटर उघडंच असतं आणि फिल्म ८०० ची आहे.

अ‍ॅडॅप्टर ठेवूनच वापरणार असाल तर त्याच्यावरची मल्टिपल एक्सपोजरची कळ एम वर घ्यावी लागते, नाहीतर प्रो-एस दुसऱ्यांदा शटर सोडत नाही. रोलचा होल्डर परत चढवताना ती कळ आधी मागे घ्या, नाहीतर एकाच फ्रेमवर दोन फोटो येतील.