मदत हवी आहे: फोर्ड मॉडेल ए, १९३०. वेग घेतला की डायनामो चार्जिंग सोडतो

नमस्कार मंडळी,

आजोबांची मॉडेल ए सांगलीत घरीच आहे. उजव्या हाताचं स्टिअरिंग, म्हणजे कॅनडाच्या फोर्डची. मुंबईतला फोर्डचा कारभारही १९२६ पासून त्यांच्याच हाताखाली होता. इंजिन घड्याळासारखं चालतं. डोकं उठवलंय ते डायनामोने. सहा व्होल्ट, तीन ब्रशचा (ब्रश म्हणजे फिरत्या भागावर टेकणारे कार्बनचे ठोकळे), वर कटआउट (बॅटरीची वीज उलटी डायनामोत जाऊ न देणारा स्विच).

गाडी तिसाच्या आसपास असली की मीटरचा काटा ८-९ अँपिअरवर ठाम. पन्नासच्या पुढे गेलो की थरथरायला लागतो आणि शून्याला टेकतो. तीन ब्रशच्या डायनामोत वेग वाढला की आर्मेचरच्या (आत फिरणाऱ्या गुंडाळीच्या) स्वतःच्या चुंबकत्वाने फील्ड, म्हणजे बाहेरच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र, वाकडं होतं, तिसऱ्या ब्रशला व्होल्टेज कमी मिळतं आणि चार्जिंग उतरतं, हे ठाऊक आहे. पण ते सावकाश उतरायला हवं ना?

मागची कथा अशी. दिवाळीच्या आधी एका मिस्त्रीने चार्जिंग बघायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढली. (या गाडीत बॅटरी हाच लगाम, ती सुटली की व्होल्टेज उधळतं.) धूर निघाला आणि फील्ड कॉइल गेली. दुसरीकडे भरून घेतली. तिथे आर्मेचर ग्राउलरवर (शॉर्ट शोधायच्या विद्युतचुंबकावर) ठेवून हॅकसॉचं पातं धरलं, कुठेच थरथरलं नाही, म्हणजे शॉर्ट नाही. कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा, ब्रश टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) लेथवर घेऊन आरशासारखा केला. पट्टा काढून बॅटरीवर मोटरसारखा फिरवला (पॉझिटिव्ह बॉडीला, लक्षात असू द्या), एकसारखा फिरला. तेव्हा महिनाभर चार्जिंग छान होतं, मग हे सुरू झालं. कटआउट बदलला, फरक नाही. तिसरा ब्रश फिरण्याच्या दिशेने जरा सरकवला, तर खालच्या वेगात १४ दाखवतो, वर तेच रडगाणं. परत जागेवर आणला.

काल रात्री ब्रशवरची पत्र्याची पट्टी काढून रेस केली. निळ्या ठिणग्या, अगदी दिवाळीच!

आर्मेचर नवं भरायचं का? वाइंडर तयार आहे, माझा खिसा नाही.

प्रतिसाद:
थांबा, वाइंडरकडे जाऊ नका. लेथवर घेतल्यावर पट्ट्यांमधला मायका (वीज अडवणारा अभ्रक) खाली कापला होता का? तांबं आधी झिजतं, मायका वर राहतो आणि वेगात ब्रश त्यावरून उड्या मारतात. आडवं नख फिरवून बघा.

धागाकर्ता:
काका, नख खाचेत उतरतच नाही, उलट प्रत्येक पट्टीला कंगोरा लागतोय! त्या गृहस्थांनी मायकाला हातच लावला नव्हता.

प्रतिसाद:
मग हॅकसॉचं पातं बाजूने घासून बारीक करा आणि साधारण पाऊण मिलिमीटर खोल कापा. शेवटी काचेचा कागद मारा. एमरी नको, तिचे कण खाचेत बसले तर शॉर्ट करतात.

धागाकर्ता:
निम्म्या खाचा झाल्या, मान आखडली. ब्रशच्या कडा तुटल्यात, हेच घासून बसवू की नवे घेऊ?

प्रतिसाद:
नवेच घ्या, तिन्ही.