मदत हवी आहे : दुसऱ्या बाळंतपणात त्र्यंबकेश्वरहून नाशिकला केव्हा निघावे?

मला ३६वा आठवडा सुरू आहे. आम्ही त्र्यंबकेश्वरला राहतो आणि नाव नाशिकच्या रुग्णालयात घातले आहे, म्हणजे अंतर सुमारे ३० किलोमीटर. पहिले बाळंतपण नैसर्गिक झाले होते. या वेळीही बाळाचे डोके खाली असून रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन व्यवस्थित आहे.

संध्याकाळी ओट्याशी उभी असताना पोट दगडासारखे घट्ट होते, पण पाणी पिऊन डाव्या कुशीवर पडले की सैल पडते. या खोट्या कळा असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. पाणी गेले, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट न पाहता निघायचे, हेही ठरलेले आहे. अडचण खऱ्या कळांची आहे. दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघावे, असा ठोकताळा सांगतात. परंतु दुसऱ्या वेळी प्रसूती बहुधा लवकर होते आणि माझी तारीख श्रावणात आहे, जेव्हा सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी प्रदक्षिणेला, आमच्या रस्त्यावर वाहन हलणे कठीण होते. १०८ची रुग्णवाहिकाही त्याच गर्दीतून येणार, ही खरी काळजी आहे.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारणारच आहे, पण अनुभवही हवे आहेत. दुसऱ्या खेपेला लांबून आलेल्या भगिनींनो, कळांमध्ये किती अंतर असताना आपण घरून निघालात, आणि आधीच नाशिकला नातेवाइकांकडे मुक्कामाला आला असाल तर कोणत्या आठवड्यात?