कंपनी मोठी आहे म्हणून वस्तू आपली होत नाही

कंपनी कोट्यवधींची आहे, चुकून आलेली एक वस्तू ठेवून घेतली तर तिला काय फरक पडतो, असं एका दादांनी लिहिलंय. मला हे पटत नाही.

मागच्या खरिपात मी बॅटरीवरचा एक फवारणी पंप मागवला, आले दोन. शेजारचे काका म्हणाले, "ठेवून टाक न बाप्पा, कोनाले समजते?" पऱ्हाटीवर फवारणी ऐन भरात, मजूर दोन आणि पंप एक, त्यामुळे मोह झालाच. पण बिल एकाचंच होतं. दुसरा खोका न फोडता बारदान्यात गुंडाळून कोठ्यात माळ्यावर ठेवला आणि फोन केला. एकदा नाही, चारदा. अठराव्या दिवशी तालुक्याहून पार्सलवाला पोरगा आला. त्यानं आधी खोक्यावरची चिकटपट्टी बघितली. ती शाबूत दिसली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. हिशेब जुळत नव्हता म्हणून साहेबानं त्यालाच धरलं होतं. कंपनीचं नुकसान असं खाली उतरत जातं.

कायदाही हेच सांगतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेले पैसे किंवा वस्तू परत करावी लागते. मात्र परतीचा खर्च आणि तालुक्याची चक्कर आपल्या माथी नको, असं माझं ठाम मत आहे. चूक त्यांची, न्यायला त्यांनीच यावं. आपण कळवायचं, तक्रार क्रमांक लिहून ठेवायचा, वस्तू न वापरता जपायची. आणि पोच घेतल्याशिवाय खोका हातातून सोडायचा नाही.