बोगमाळोच्या म्युझियममध्ये बाबांचं 'अलिझे' बघायला मिळेल का?

तेरेखोलकाठची:
नमस्कार मंडळी. माझे बाबा १९६८ साली नौदलात लागले, विमानांच्या देखभालीच्या कामावर. आधी गोव्यात दाबोळीला 'हंसा' या नौदलाच्या विमानतळावर होते, मग 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावर. आता ७६ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यापासून विसरायला लागलेत. दुपारी काय जेवले ते संध्याकाळी आठवत नाही. पण 'अलिझे' या पाणबुड्या शोधणाऱ्या विमानाचे पंख कसे दुमडायचे, कुलूप नीट बसलंय की नाही ते कुठे हात लावून बघायचं, हे अजून हवेत हात फिरवून दाखवतात.

परवा ट्रंकेतून एक फोटो निघाला. चार पोरं उघड्या अंगाने उभी, मागे दुमडलेल्या पंखांचं विमान. दोन्ही पंखांना खालून दुधीभोपळ्यासारखे लांबट फुगवटे आहेत आणि शेपटीखाली डेकवरचा दोर पकडायचा आकडा (हुक) आहे. बाबांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्या माजा."

आम्ही सावंतवाडीजवळ राहतो, बोगमाळोचं नौदलाच्या विमानांचं म्युझियम दोन-अडीच तासांवर. फोटोतलं विमान अलिझेच आहे का? म्युझियममध्ये ते आहे का? आणि असलं तर कुठल्या अवस्थेत आहे? गंजून पडलेलं असेल तर त्यांना न्यायला माझं मन होत नाही.

वास्कोवाली:
ताई, अलिझे आहे. बिनधास्त आणा. फक्त सोमवारी येऊ नका, सोमवारी बंद असतं. आमच्याकडे आलेले पाहुणे दोनदा गेटवरून परत गेलेत.

सकाळीच या. विमानं बाहेर उघड्यावर उभी आहेत, अकरानंतर पत्रा एवढा तापतो की जवळ उभं राहवत नाही. टोपी आणि पाणी घ्या. आतल्या दालनांना वरचा मजलाही आहे, त्यामुळे काकांना चालायला त्रास होत असेल तर निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. पण त्यांचं काम बाहेरच आहे असं मला वाटतं. दाबोळीची धावपट्टी शेजारीच असल्यामुळे मधूनच विमानाचा आवाज येतो, तो त्यांना आवडेल.

निवृत्त तंत्रज्ञ:
वर्णनावरून अलिझेच. ते फुगवटे म्हणजे पंखाखालची कोठारं. मुख्य चाकं त्यात मागे दुमडून जायची आणि पुढच्या भागात सोनोबॉय ठेवलेले असायचे. सोनोबॉय म्हणजे पाण्यात टाकायचे कान, पाणबुडीचा आवाज ऐकायला. फोटोत पोट दिसत असेल तर बघा, तिथे रडारचा घुमट असायचा, उडताना तो खाली सोडायचे. आत तीन माणसं. इंजिन रोल्स-रॉइसचं डार्ट, जे इंडियन एअरलाइन्सच्या फोकर आणि अॅव्हरो या प्रवासी विमानांनाही होतं. काकांना त्या डार्टची शीळ आठवते का ते विचाराच. ती कानात बसली की निघत नाही.

३१० स्क्वाड्रनचं हे विमान. १९७१च्या डिसेंबरात, युद्धात, सी हॉक ही लढाऊ विमानं आणि अलिझे दोन्ही विक्रांतवरून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगावकडे गेली. तेव्हा विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला होता, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. डेकवर समोरून वारा कमी मिळाला की विमान उडवणं अवघड. त्या दिवसांत डेकवर राबलेल्या पोरांचं नाव कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून तुमचा फोटो जपा. मागे काही लिहिलंय का तेही बघा.

आता गंजाचं. खरं सांगायचं तर समुद्राकाठी अॅल्युमिनियमचं विमान उघड्यावर ठेवणं म्हणजे रोजची लढाई. खारं वारं रंगाच्या खाली शिरतं आणि रंगाला फोड येतात. फोड खरवडला की खाली पांढरी भुकटी. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या डोक्याभोवती ती आधी दिसते. पोटाकडची पाणी निचरायची भोकं बुजली की आत डबकं साचतं आणि मग आतून खातं. लांबून रंग छान दिसतो म्हणून सगळं ठीक आहे असं नसतं. पावसाळ्यात तरी या विमानांवर छप्पर हवं, हे माझं ठाम मत आहे. ज्या विमानांचे सुटे भाग जगात कुठे बनत नाहीत त्यांना दुसरी संधी नाही.

तिथल्या शॉर्ट सीलँडपाशी जरूर थांबा. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं ते विमान बेलफास्टचं, आणि विक्रांतचं कामही बेलफास्टलाच पूर्ण झालं. १९५३ साली नौदलाने पहिली विमानं घेतली ती हीच. एकूण दहा घेतली होती. आणि सुपर कॉन्स्टेलेशन चुकवू नका, शेपटीला तीन उभे पंख असलेलं. आधी एअर इंडिया, मग हवाई दल, मग १९७६पासून दाबोळीला नौदलाच्या ३१२ स्क्वाड्रनमध्ये सागरी टेहळणी, असा या विमानांचा प्रवास.

डोंगरीचा:
मी लहानपणी विक्रांत बघितली होती, मुंबईत तरंगतं म्युझियम होती तेव्हा. वडिलांचा हात धरून डेकवर चाललो. २०१४ला ती दारूखान्यात, मुंबईत जुनी जहाजं तोडतात तिथे, तोडायला घेतली. रोज कामावर जाताना ती थोडी थोडी कमी होताना दिसायची. ताई, उशीर करू नका.

तेरेखोलकाठची:
जाऊन आलो. बुधवारी, सकाळी दहाला आत होतो.

बाबा गाडीत झोपलेले. आत शिरल्यावर सी हॅरियर, सी हॉक बघून नुसती मान हलवत होते. अलिझे दिसलं तसे काठी माझ्या हातात देऊन सरळ चालत गेले. समोरून नाही, मागून. आधी आकडा बघितला. मग वाकून पंखाच्या सांध्याकडे, आणि तिथे थांबले. मी कठड्याबाहेरून हात लावू नका म्हणणार होते, पण त्यांनी लावला नाही. हात वीतभर लांब धरून तसाच फिरवला, घरी फिरवतात तसा.

रिव्हेटभोवती पांढरं दिसलं, तुम्ही सांगितलंत तसंच. त्यांनाही दिसलं. "धुवक व्हया गोड्या पाण्यान," म्हणाले. तिथल्या एका कर्मचाऱ्याला बोलावून तेच पुन्हा सांगितलं, कुठून कुठे पाणी मारायचं ते दाखवून. त्या पोराने मोबाईल खिशात ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. त्याचे आभार.

डार्टची शीळ विचारली. बाबांनी ओठांचा चंबू करून काढली. बारीक, चढत जाणारी. मी ती रेकॉर्ड केली आहे. फोटोच्या मागे पेन्सिलीत चार आडनावं आहेत, त्यातलं एक वाचता येत नाही. बाबांना विचारते आहे, रोज सकाळी, चहाच्या वेळी. त्या वेळी त्यांना जास्त आठवतं.