मदत हवी आहे : मायलिन (चेतातंतूवरचं आवरण) विद्युतरोधक, मग संदेश पुढे जातोच कसा?

शेवंता_१२ : परवा पेपर आहे, पटकन सांगा. चेतापेशीत सोडियम आत येतो, पोटॅशियम बाहेर जातो, इथपर्यंत समजलं. पण मायलिन प्रवाह अडवतं आणि त्याच्यामुळेच वेग वाढतो, ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर. दोन्ही खरी कशी? सर म्हणाले पाठ कर. मला पाठ नाही करायचं.

गोदाकाठ : कितवीचा पेपर? आणि संदेश म्हणजे अक्षतंतूतला (चेतापेशीच्या लांब धाग्यातला) की दोन पेशींमधल्या संपर्कस्थानावरचा?

नाना_जळगाव : माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. जागरण करू नकोस बाळा, वाचलेलं झोपेत पक्कं होतं.

शेवंता_१२ : बारावी, राज्य मंडळ. नीटही द्यायची आहे. अक्षतंतूतलाच. संख्या नकोय मला.

तारतंत्री : मी वायरिंगची कामं करतो. तांब्याच्या तारेवर प्लास्टिक असतं तसंच हे. रोधक बाहेर, प्रवाह आतून. झालं.

गोदाकाठ : अर्धंच झालं. तांब्यात संदेश वाटेत नव्याने तयार होत नाही, इथे होतो. शेवंता, नीट बघ. मायलिन अडवतं ते आतून बाहेर होणारी गळती, लांबीच्या दिशेने जाणं नाही. पेरापाशी (रॅन्व्हिअरचं पेर) आवरण नसतं, तिथे सोडियमच्या वाहिन्या (तो आत येण्याची दारं) दाटीने असतात. सोडियम आत घुसला की तो धनभार आतल्या द्रवातून झपाट्याने पुढच्या पेरापर्यंत पसरतो. तिथला विद्युतदाब उणे ७० वरून उणे ५५ मिलिव्होल्टच्या आसपास आला की तिथल्या वाहिन्या उघडतात आणि संदेश पुन्हा पूर्ण ताकदीचा होतो. म्हणजे 'उडी मारतो' तेव्हा मधे काहीच घडत नाही असं समजू नकोस.

तारतंत्री : तिने रोधकाचं विचारलं, मी रोधकाचं सांगितलं. पेरांचं कुणी विचारलं होतं?

गोदाकाठ : पेरांशिवाय वेगाचं उत्तर पुरं होत नाही, दादा.

हिरवीमिरची : हातापायाला मुंग्या येतात का गं? माझं बी१२ कमी निघालं होतं. इंजेक्शनं घेऊन टाक.

शेवंता_१२ : मला काही झालेलं नाही!! संदेश मागे का जात नाही ते सांगा.

मुळाकाठी : @हिरवीमिरची, बी१२ मायलिनसाठी लागतं हे खरं, पण तपासणी न करता इंजेक्शन सुचवू नका. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती चेतातंतूंवरच हल्ला करते) रुग्ण वाढले, तेव्हा आमच्याकडे शेजारीपाजारी मिळेल ते औषध घेत होते.

गोदाकाठ : मागच्या पेरातल्या सोडियम वाहिन्या नुकत्याच बंद झालेल्या असतात, सुमारे १ मिलिसेकंद उघडत नाहीत. तोवर संदेश पुढे निघून गेलेला असतो. प्रयोगशाळेत तंतूला मधोमध उद्दीपन दिलं तर तो दोन्हीकडे धावतो. शरीरात सुरुवात पेशीकायाजवळ (पेशीच्या मुख्य भागाजवळ) झाली की पुढेच जातो.

मुळाकाठी : वेगाचा फरक अंगावर कळतो. पायाचा अंगठा चौकटीला आपटला की आधी चटका, मग क्षणभराने ठणका. चटक्याचे तंतू पातळ मायलिनचे, सेकंदाला ५ ते ३० मीटर. ठणक्याच्या तंतूंना मायलिनच नाही, जेमतेम अर्धा ते २ मीटर.

शेवंता_१२ : हे समजलं!! आता आकृतीत पेरं किती अंतरावर काढू?

गोदाकाठ : खरं अंतर साधारण १ मिमी. आकृतीत प्रमाण पाळू नकोस, तीन-चार पेरं काढ, दोन पेरांमधे एकच श्वान पेशी (मायलिन बनवणारी) दाखव आणि बाण अक्षतंतूच्या आतून काढ.