मदत हवी आहे: सीडीसीवर (कॉलेज विकास समितीवर) शिक्षकेतर प्रतिनिधी

नमस्कार मंडळी, मी सोलापुरात एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसला आहे. विद्यापीठ कायदा 2016 च्या कलम 97 प्रमाणे कॉलेज विकास समितीत तीन शिक्षक अन् एक शिक्षकेतर निवडून यायला पाहिजे, पण आमच्याकडं संस्थाच नाव ठरवते आणि आम्हाला डायरेक्ट नोटीस बोर्डवर कळतं. क्लार्क, लॅब असिस्टंट, शिपाई सगळ्यांमागं मिळून एकच सीट, तीपण मतदानाशिवाय, हे पटतच नाही, कारण बजेट अन् नवीन पदांची शिफारस तिथंच होते आणि आमच्या बाजूनं बोलायला कोणच नसतं. निवडणुकीची मागणी आधी प्राचार्यांकडं लेखी द्यायची की थेट विद्यापीठाकडं? कुणी असा अर्ज दिला असेल तर प्लीज नमुना टाका, आणि कंत्राटी लोकांना मत देता येतं का तेपण सांगा.